नळाला पान आलं

सोलापूरकराला साठवण शिकवावी लागत नाही. पाणी रोज येत नाही. आलं की बॅरल, घागरी, कळशा, शेवटी आमटीचं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं, हे आमचं बाळकडू. त्यामुळे इंटरनेटवरचं पान प्रोग्रामने उतरवून फाईलमध्ये भरायचं म्हटलं की मला तो घरचाच खेळ वाटतो. इच्छा माफक: मार्केट यार्डातल्या कांद्याचे भाव दाखवणारं पान रोज सकाळी आपोआप सेव्ह व्हावं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या चार ओळी. त्या चाळीस कशा होतात, तेवढं ऐका.

पहिली ओळ म्हणजे रिक्वेस्ट्सचं गेट: रिक्वेस्ट्स ही पायथनची पान मागवून आणणारी लायब्ररी, आणि ‘गेट’ म्हणजे तिची ‘आण’ ही आज्ञा. त्यात टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मुदत, लिहिला नाही, तर प्रोग्राम उत्तराची वाट बघत बसतो, किती वेळ याला धरबंध नाही. नळातून नुसती हवा फुसफुसतेय आणि आपण कळशी धरून उभे! बरं, टाइमआउट १० सेकंद लिहिला तरी ते अख्ख्या कामाचे नसतात. जोडणीसाठी १०, आणि पुढे दोन थेंबांमधल्या खंडासाठी १०. दर नऊ सेकंदांनी एक थेंब सोडणारा सर्व्हर तुम्हाला दुपारपर्यंत उभं करू शकतो, तेही नियमात बसून.

पान नसेल तर सर्व्हर ४०४ म्हणतो, पण सोबत सजवलेलं माफीपत्र पाठवतो. रिक्वेस्ट्सला त्याचं काही वाटत नाही. ते माफीपत्र ‘कांदा’ नावाच्या फाईलमध्ये निमूट जाऊन बसतं. म्हणून असा नकाराचा आकडा दिसताच एरर देणारी रेझ-फॉर-स्टेटस ही ओळ हवीच. काही वस्ताद सर्व्हर मात्र माफीपत्रावरही २०० चा, म्हणजे ‘सगळं ठीक’चा, शिक्का मारतात. त्यावर माझा उपाय गावठी आहे: आलेल्या मजकुरात ‘क्विंटल’ हा शब्द सापडला तरच फाईल लिहायची.

खरी गंमत मराठीची. सर्व्हरने मजकूर एचटीएमएल आहे एवढंच सांगितलं आणि कॅरेक्टर सेट, म्हणजे कुठले बाइट कुठलं अक्षर हे ठरवणारा तक्ता, सांगायचा विसरला, की रिक्वेस्ट्सचं ‘टेक्स्ट’ त्याला लॅटिन-१, म्हणजे पश्चिम युरोपीय लिपीचा जुना तक्ता, समजतं. सगळ्या लिप्या सामावणाऱ्या यूटीएफ-८ या तक्त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. ‘सोलापूर’ म्हणजे काना-मात्रा धरून सात चिन्हं, २१ बाइट. लॅटिन-१ त्यातला एकेक बाइट सुटा मोजतो आणि आपल्या गावाची २१ तुकड्यांची माळ करतो. काही तुकडे टोप्या घातलेले फ्रेंच पाहुणे, काही तर डोळ्यांना दिसतही नाहीत. यावर ‘टेक्स्ट’च्या नादी न लागता ‘कंटेंट’, म्हणजे कच्चे बाइट, घ्यावं आणि फाईल ‘डब्ल्यूबी’ या बाइट लिहायच्या मोडमध्ये उघडून बाइट जसेच्या तसे ओतावेत. गाळणी नंतर. मजकूर म्हणूनच लिहायचा हट्ट असेल, तर आधी रिस्पॉन्सचं, म्हणजे आलेल्या उत्तराचं, एन्कोडिंग यूटीएफ-८ करा आणि फाईल उघडतानाही तेच सांगा. नाहीतर बऱ्याच विंडोज मशीनवर जुनं कोडपेज, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अक्षरतक्ता, आडवं येतं आणि पहिल्याच ‘क’ला प्रोग्राम मान टाकतो.

इतकं करून हाती येते ती नुसती कडक भाकरी. शेंगाचटणी, म्हणजे चित्रं आणि पानाची सजावट सांगणारं सीएसएस, वेगळ्या पत्त्यांवर असते. तीही हवी असेल तर डब्ल्यूगेट या पानं उतरवणाऱ्या आयत्या प्रोग्रामला डॅश-पी द्या, आणि दुवे घरच्या फाईलींकडे वळवायला डॅश-के. भावांचा तक्ता ब्राउझरमध्ये चालणारं जावास्क्रिप्ट मागाहून भरत असेल, तर भाकरीही नाही, रिकामं ताटच येतं. तेव्हा ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्क टॅबमध्ये भाव कुठल्या पत्त्यावरून येतात ते बघावं. बहुधा तिथे जेसन, म्हणजे प्रोग्रामला सहज वाचता येणारी माहिती, सापडतं. नाहीच सापडलं तर प्लेराइट, म्हणजे प्रोग्रामने खराखुरा ब्राउझर चालवायचं साधन.

एक विनंती: नळाला मोटर लावू नका. सेकंदाला दहा वेळा पान ओढलं की सर्व्हर ४२९, म्हणजे ‘फार वेळा मागताय’, दाखवू शकतो आणि शेजाऱ्यांचंही पाणी तुटू शकतं. उत्तरासोबतच्या ‘रीट्राय-आफ्टर’ या नोंदीत थांबायची मुदत दिली असेल तर ती पाळावी. कांद्याचा भाव तसाही मिनिटाला बदलत नाही.

आता फाईल. ती आधी ‘डॉट पार्ट’ नावाने लिहावी आणि पूर्ण झाली की पायथनच्या ओएस-रिप्लेस या आज्ञेने खरं नाव द्यावं, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी कालची भरलेली घागर शाबूत राहते. नावात तारीख जरूर घाला. हौसेने वेळ घातली, ‘कांदा_६:३०’, की विंडोज मजा करतं. त्या विसर्गासारख्या टिंबांपुढचा भाग एनटीएफएसला, म्हणजे विंडोजच्या फाईल ठेवायच्या व्यवस्थेला, फाईलच्या पोटातला चोरकप्पा वाटतो. फाईल थेट या नावाने उघडून लिहिली तर एरर येत नाही. फोल्डरमध्ये ‘कांदा_६’ दिसते, शून्य बाइटची. आणि अख्खं पान त्या कप्प्यात सुखरूप भरलेलं असतं.