राणीछाप रुपयाला टूथपेस्ट लावू नका

दिवाळी जवळ आली की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरू लागतो. देव्हाऱ्यातले जुने चांदीचे रुपये काळे पडले असतील तर टूथपेस्टने घासा, लिंबू-मीठ चोळा, नाहीतर फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्यात टाका. नाणे लख्ख होईल, भाव वाढेल, आणि लख्ख झाले नाही तर ते नकली समजा. लक्ष्मीपूजनासाठी सराफाकडून घेतलेल्या लक्ष्मी-गणपतीच्या नाण्यावर हे सगळे प्रयोग खुशाल करा, ते पुन्हा मिळते. राणीछाप, राजाछाप रुपयांची, म्हणजे राणी व्हिक्टोरिया किंवा तिच्यानंतरच्या ब्रिटिश राजांचा चेहरा असलेल्या जुन्या रुपयांची गोष्ट वेगळी.

‘काळेपणा म्हणजे मळ.’ मळ म्हणजे तेलकटपणा, कुंकू, धूळ; तो साबणाच्या पाण्याने निघतो. काळा थर हा चांदीचाच आहे. हवेतल्या गंधकयुक्त वायूशी संयोग होऊन तिचे सिल्व्हर सल्फाइड झालेले असते. तो थर खरवडला की त्यातली चांदीही गेली.

‘टूथपेस्टने घासा.’ मेसेजमधला सर्वांत घातक सल्ला हाच. टूथपेस्टमध्ये खडूची भुकटी किंवा सिलिका असते, दातांवरचे किटण घासून काढण्यासाठी. दाताचे एनॅमल चांदीपेक्षा पुष्कळ कठीण, त्यामुळे त्याला जे सोसते ते चांदीला सोसत नाही. बारीक ओरखडे उठतात, आणि आधी झिजतात ते उठावाचे भाग: राणीच्या केसांच्या रेषा, मुकुट, वस्त्रावरची नक्षी. संग्राहक भिंग लावून नेमके हेच पाहतो. 1862 साल घातलेले रुपये तर पुढे कित्येक वर्षे तेच साल ठेवून पाडले जात होते. त्यांतले प्रकार मागच्या बाजूच्या चिमुकल्या ठिपक्यांवरून ओळखतात. ब्रश मारून ठिपके पुसट केले, की हातातला रुपया कोणत्या प्रकारचा ते कोण सांगणार?

‘लिंबू-मीठ, चिंच.’ ही तांब्या-पितळेच्या भांड्यांची औषधे. राणीछाप रुपयात 91.7 टक्के चांदी आणि बाकी तांबे. आम्ल त्या तांब्याला खाते. चांदीच्या काळ्या थरावर त्याचा फारसा जोर चालत नाही.

‘फॉइल आणि सोडा.’ यात मात्र तथ्य आहे. गरम सोड्याच्या पाण्यात फॉइलचे ॲल्युमिनियम काळ्या थरातले गंधक ओढून घेते आणि चांदी मोकळी होते. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्याचाच. घासण्यापेक्षा हे कितीतरी सौम्य. पण परतलेली चांदी पूर्वीसारखी घट्ट बसत नाही. पृष्ठभाग निस्तेज, पांढरट दिसतो आणि पुन्हा लवकर काळवंडतो. शिवाय वर्षानुवर्षे चढलेली निळसर-करडी झाकही जाते, जिच्यासाठी काही संग्राहक जास्त पैसे मोजतात.

‘लख्ख नाण्याला जास्त भाव.’ कोणाकडून? सराफ वजनावर घेणार: 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा, त्यातून झीज वजा. त्याला चमकेशी देणेघेणे नाही. संग्राहकाला आहे, पण उलट्या बाजूने. हातोहात फिरून चेहरा गुळगुळीत झालेले नाणे आरशासारखे चमकत असेल, तर ते घासलेले आहे हे तो दुरूनच ओळखतो आणि भाव पाडतो.

‘चमकले नाही तर नकली.’ या वाक्याने किती खरी नाणी मोडीत गेली असतील! 1940 ते 1945 च्या सहाव्या जॉर्जच्या रुपयांत चांदी निम्मीच आहे. उरलेले तांबे, निकेल आणि जस्त. ते राणीछापासारखे पांढरेशुभ्र होणारच नाहीत. 1947 चा वाघाचा रुपया तर निकेलचा, चुंबकाला चिकटतो. दोन्ही अस्सल सरकारी नाणी. संशय असेल तर आधी वजन करा, व्यास मोजा, कडेच्या रेघा बघा.

मळ काढायचाच असेल तर कोमट पाण्यात साबणाचा एखादा थेंब घालून नाणे काही वेळ बुडवून ठेवा, स्वच्छ पाण्यातून काढा आणि मऊ कापडाने टिपा. पुसू नका, धूळ आणि कापड मिळून ओरखडे काढतात. प्लास्टिकच्या पाकिटात राहून हिरवट चिकट थर आला असेल तर तो शुद्ध ॲसिटोनने सुटतो (नेलपॉलिश रिमूव्हरने नको, त्यात सुगंध आणि तेल असते). खिडकी उघडी ठेवा, गॅस पेटता नको. आणि रुपयांच्या गड्डीला रबरबँड लावू नका. रबरात गंधक असते, जिथे तो टेकतो तिथे काळी रेघ उमटते.