भाजीचा फोटो टाकला तर कुणाचं काय गेलं?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे.

नाशिकच्या ज्या ग्रुपवर आपल्यातले बरेच जण आहेत, तिथे सकाळी एका काकूंनी फोटो टाकला. गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारातून आणलेली भाजी, वर्तमानपत्रावर पसरलेली. मेथीच्या जुड्या, गिलकी, वालाच्या शेंगा. खाली एवढंच, "आजचा बाजार." त्यावर एका गृहस्थांनी लिहिलं, "ताई, हे घरच्या ग्रुपवर टाकत जा. इथे काहीतरी बघण्यासारखं येऊ द्या." मग हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. दुपारी काकूंनी "क्षमस्व" लिहिलं आणि संध्याकाळी फोटोच काढून टाकला.

कशाबद्दल क्षमस्व? मेथी घेतली म्हणून?

या काकूंना मी कधी भेटलेले नाही, पण त्यांचं माझ्यावर ऋण आहे. गेल्या हिवाळ्यात बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि ते पार मिटून गेले. जेवण नको, टीव्ही नको, विचारलं तर "हं". एके दिवशी याच काकूंनी त्यांच्या तांब्याच्या बंबाचा फोटो टाकला. गॅलरीत ठेवलेला, आता त्यात झाड लावलेलं. फोटो अंधारा, एक कोपरा बोटाने झाकलेला. मी सहज बाबांपुढे मोबाइल धरला. त्यांनी चष्मा मागितला. "ही तोटी बघ. आपल्या पंचवटीच्या वाड्यात अशीच होती." आणि सुरू झाले. आजी पहाटे बंब कसा पेटवायची, ढलप्या आणायची पाळी कुणाची, दिवाळीआधी चिंच लावून तो घासताना भावंडांची भांडणं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं! रात्री त्यांनी एका बोटाने टाइप करून त्या फोटोखाली कमेंट टाकली. काकूंनी उत्तरात विचारलं, "तुमचा वाडा कुठला?"

आता सांगा, हा फोटो बघण्यासारखा नव्हता?

बघण्यासारखं म्हणजे काय, तर ड्रोनमधून दिसणारं गंगापूर धरण, ब्रह्मगिरीवरचे ढग, द्राक्षबागेतला सूर्यास्त. सुंदर असतात, मीही लाइक करते. हॉटेलातली मिसळ तर्रीसकट चालते, तिचा पत्ता विचारायला झुंबड उडते. पण एखादीने घरी मोड आणलेली मटकी दाखवली की लगेच ग्रुपचा दर्जा घसरतो. विकतचं दाखवलं तर हौस आणि घरचं दाखवलं तर कचरा, हा कुठला न्याय? आणि हे ऐकून घ्यावं लागतं ते बहुतेक वेळा बायकांनाच. ज्यांचा दिवस ओट्यापाशी जातो त्यांनी फोटो कशाचा काढायचा?

२०१६ च्या ऑगस्टमध्ये सराफ बाजारात पाणी शिरलं तेव्हा आपण काय बघत होतो? कुणीतरी खिडकीतून काढलेले हललेले फोटो. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी चढलंय ते बघून आपण घरच्यांना फोन करत होतो. तेव्हा कुणी दर्जा काढला नाही. आणि आपल्या त्र्यंबकला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली काय टिपलं होतं? वाटाण्याचं रोप. रोज थोडं थोडं चित्रित करून त्याची वाढ पडद्यावर दाखवली आणि त्या जोरावर पुढच्या चित्रपटासाठी पैसा उभा केला. त्यांना कुणी म्हटलं असतं, "दादासाहेब, हे घरीच ठेवा," तर?

हो, लहान मुलांचे आंघोळीचे फोटो, शाळेचं नाव दिसणारा गणवेश, "गावाला चाललो" म्हणून दाराच्या कुलपाचा फोटो, हे टाकू नये. मान्य. गुलाबावरचं सुप्रभात मलाही नकोसं होतं. बास, यापुढे काही मान्य नाही.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. ते गृहस्थ दुष्ट असतील असं मला वाटत नाही. कामाच्या मध्ये मोबाइल उघडला असेल, बोट चाललं असेल. पण त्यांच्या एका ओळीने एक बाई गप्प झाली. ती गप्प झाली की तिच्यामागे अजून किती जणी फोटो काढून परत ठेवून देतील, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. बाबांनी तर आज विचारलंच, "त्या बंबवाल्या बाईंचा फोटो कुठे गेला?" काय सांगू त्यांना?

जुन्या नाशकातले वाडे एकेक करून पडतायत. दर पावसाळ्यात एखादी भिंत जाते. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यापर्यंत घाट आणि रस्ते अजून बदलतील. वाड्याच्या दर्शनी कमानीचे फोटो सापडतील, पण आतली मोरी, फडताळ, जिन्याखालची अडगळ कुणाकडे आहे? बाबांच्या वाड्याचा आमच्याकडे एकच फोटो आहे, आत्याच्या लग्नातला, आणि त्यात मांडवामुळे वाडा दिसतच नाही.

तर मंडळी, आज घरात जे समोर असेल त्याचा फोटो काढा आणि त्या ग्रुपवर टाका. वाळत घातलेल्या कुरडया, देवघर, जुना पाट, काहीही. खाली गल्लीचं नाव आणि साल लिहा. त्यात दुसरं माणूस असेल तर आधी त्याला विचारा. कुणी "दर्जा" म्हणालं तर मला टॅग करा, मी उत्तर देते. आणि ग्रुपच्या ॲडमिननी काकूंना स्वतः मेसेज करून फोटो परत टाकायला सांगावं. मी त्यांना तसं आत्ताच लिहिलंय, तुम्हीही लिहा.