क्लाउनफिशचे ‘आदर्श कुटुंब’: एका संदेशाचा प्रतिवाद

मालवण-तारकर्लीला स्कूबाचा हंगाम सुरू झाला की व्हॉट्सॲपवर एक सचित्र संदेश फिरू लागतो. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश हा निसर्गातील आदर्श पिता आहे. तो पत्नी व मुलांसह समुद्रपुष्पात (सी ॲनिमोन, म्हणजे विषारी दंश करणाऱ्या, फुलासारख्या दिसणाऱ्या सागरी प्राण्यात) राहतो. पत्नी मेली तर दुसरी न करता एकट्याने मुले वाढवतो. समुद्रपुष्पाचे विष त्याला जन्मतःच बाधत नाही, आणि एवढ्या आसऱ्याच्या बदल्यात तो काहीच देत नाही, असा त्या संदेशाचा आशय आहे. यातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे.

एका समुद्रपुष्पात लहानमोठे मासे एकत्र दिसतात हे खरे, परंतु लहान मासे ही मोठ्यांची पिल्ले नसतात. अंड्यांतून साधारण आठवडा-दहा दिवसांत बाहेर पडलेले डिंभ (अगदी लहान, अविकसित पिल्ले) खुल्या पाण्यात वाहत जातात आणि तेथे दहा-पंधरा दिवस काढल्यावर जे समुद्रपुष्प सापडेल त्यात जागा मिळवू पाहतात. पापुआ न्यू गिनीतील एका जातीच्या गटांची डीएनए तपासणी 2007 साली प्रसिद्ध झाली, तेव्हा एकत्र राहणारे मासे परस्परांचे जवळचे नातेवाईक नसल्याचे दिसले.

पितृत्वाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. नर अंड्यांवर परांनी पाणी खेळवतो, मेलेली अंडी काढून टाकतो आणि आगंतुकांना हुसकावतो. पण त्याचे संगोपन अंडी फुटताच संपते. शिवाय हा गुण एकट्या क्लाउनफिशचा नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांत दिसणारे काळ्या पट्ट्यांचे सार्जंट मासे त्याच कुलातले आहेत, आणि त्यांच्यातही अंडी राखतो तो नरच.

विधुर पित्याची कथा तर मुळातूनच कोसळते. गटातील सर्वांत मोठा मासा मादी असतो, दुसऱ्या क्रमांकाचा प्रजननक्षम नर, आणि उरलेले प्रजनन न करणारे उमेदवार. मादी मेली की नराच्या जननग्रंथीतील वृषणाची ऊती झिजते, सुप्त असलेली अंडाशयाची ऊती वाढते आणि तोच मासा मादी होतो. उमेदवारांतला सर्वांत मोठा त्याचा जोडीदार बनतो. आकाराच्या उतरंडीवर चालणारा हा बदल 1977 साली शास्त्रीय नियतकालिकात मांडला गेला. मोठे शरीर जास्त अंडी देऊ शकत असल्यामुळे आधी नर आणि मग मादी हा क्रम या माशाला फायद्याचा ठरतो. त्याहून थक्क करणारी गोष्ट 2003 साली पुढे आली: खालच्या क्रमांकाचे मासे आपली वाढ आवरून धरतात, कारण वरच्याच्या आकाराला फार जवळ पोहोचणाऱ्याला गटातून हाकलले जाण्याचा धोका असतो. माझ्या मते ही शिस्त त्या संदेशातल्या कौटुंबिक गोष्टीपेक्षा कितीतरी अधिक जाणून घेण्यासारखी आहे.

विषाबद्दल थोडक्यात सांगता येईल. डिंभांना समुद्रपुष्पाच्या विषापासून संरक्षण नसते. मोठ्या माशाच्या श्लेष्मात, म्हणजे अंगावरील बुळबुळीत थरात, समुद्रपुष्पाच्या विष टोचणाऱ्या दंशकोशिकांना चेतवणारे सियालिक आम्ल फार कमी आढळते, आणि तरीही अनेक मासे नव्या समुद्रपुष्पाला आधी जपून, हळूहळू स्पर्श करत सरावतात.

मोबदल्याचे विधानही टिकत नाही. माशाच्या उत्सर्गातील अमोनिया समुद्रपुष्पाच्या ऊतींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालाला पोषण देतो, रात्री माशाच्या हालचालींमुळे समुद्रपुष्पाभोवतीचे पाणी खेळते राहते, आणि समुद्रपुष्पाचे लचके तोडणाऱ्या फुलपाखरू माशांना तो पळवून लावतो.

हा प्रतिवाद करणे आवश्यक वाटले, कारण ‘सुखी जोडपे’ म्हणून हे मासे घरच्या काचपेटीत नेण्याचा मोह अशा संदेशांनी वाढतो. प्रवाळांतून मोठी जोडी उचलली की त्या समुद्रपुष्पातील अंडी घालणेच थांबते, आणि उरलेल्या उमेदवारांतून नवी मादी व नवा नर तयार होईपर्यंत ते थांबलेलेच राहते. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास टाक्यांत करण्याचे तंत्र विकसित केलेले आहे; त्यामुळे हौस असणाऱ्याने मासा विकत घेण्यापूर्वी तो टाकीत वाढवलेला आहे की समुद्रातून पकडलेला, हे दुकानदाराला विचारावे आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास तो घेऊ नये.