एका वेळी एकच फोल्डर

अमेरिकन विद्यापीठाच्या माजी अध्यक्षांचे कागद पाहायला जायचं तर आधी स्वतःचे कागद बाहेर ठेवावे लागतात. पिशवी, कोट, वही, पाण्याची बाटली, सगळं लॉकरमध्ये. पेनवर तर खास डोळा. शाईचा डाग जन्माचा, शिसपेन्सिलीची रेघ निदान खोडता येते, म्हणून अभिलेखागाराच्या वाचनकक्षात फक्त शिसपेन्सिल. दारातल्या बाईंनी मला बोटभर उरलेली एक पिवळी पेन्सिल दिली आणि माझं शिक्षण एकदम चौथीपर्यंत खाली आलं. सिनेमात असतात तसे पांढरे हातमोजे मिळतील अशी आशा होती. तेही नाहीत. मोजे घालून पान उलटायला गेलं की बोटांना अंदाज येत नाही आणि कागद फाटतो, त्यापेक्षा स्वच्छ धुतलेला कोरडा हात बरा. मोजे फोटोंसाठी.

अमेरिकन विद्यापीठाचा अध्यक्ष म्हणजे साधारण आपले कुलगुरू. फक्त त्याला देणग्याही गोळा कराव्या लागतात आणि फुटबॉलही सांभाळावा लागतो. तो पायउतार झाला की कचेरीतली आवक-जावक इथे येते आणि त्याचं कर्तृत्व फुटांत मोजलं जातं. खोकी ओळीनं लावून जितके फूट फळी अडेल, तितके साहेब मोठे. हार्वर्डचे चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ अशी ४० वर्षं खुर्चीवर होते. फळ्या ठोकणाऱ्या सुताराची मला कीव येते. वुड्रो विल्सन १९०२ ते १९१० प्रिन्स्टनचे अध्यक्ष होते, पुढे देशाचेच झाले. दोन्ही खुर्च्या मिळून १६ वर्षं. त्यांच्या कागदपत्रांचे ६९ खंड छापून व्हायला मात्र १९६६ पासून १९९४ उजाडलं. राज्य करण्यापेक्षा त्याचे कागद लावणं जास्त वेळखाऊ असतं, हे मला त्या आकड्यांवरून कळायला हवं होतं.

माझे साहेब एवढे थोर नव्हते. त्यांनी एक बरा चाललेला विभाग एका उन्हाळ्यात बंद करून टाकला होता. का, ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं आणि मला तेवढंच हवं होतं. सूचीत त्या विभागाच्या नावाचा फोल्डर चक्क होता! खोकी दूरच्या गोदामात असल्यामुळे आधी मागणी नोंदवायची, मग वाट पाहायची. यथावकाश खोका आला. करडा, आम्लविरहित पुठ्ठ्याचा, जेमतेम पाच इंच रुंद. टेबलावर एका वेळी एकच खोका, खोक्यातून एकच फोल्डर, त्याच्या जागी खुणेचा पुठ्ठा, आणि कागदांचा क्रम अजिबात हलवायचा नाही.

मी श्वास रोखून फोल्डर उघडला. आत एकच कागद. कांद्याच्या सालीसारखी पातळ कार्बन कॉपी, एका बाजूला गंजलेल्या क्लिपचा तपकिरी ठसा. मजकूर असा, की या विषयावर आपलं फोनवर सविस्तर बोलणं झालंच आहे. कळावे.

इतिहासाचं सगळ्यात जास्त नुकसान आगीनं आणि वाळवीनं केलं असं म्हणतात. मला विचाराल तर ते टेलिफोननं केलं.

मग मी एका टोकापासून सुरुवात केली. तिथे कळलं की माणसं अध्यक्षांना शिक्षणाबद्दल फारसं लिहीतच नाहीत. माजी विद्यार्थी लिहितात ते फुटबॉलबद्दल. शिकागो विद्यापीठात रॉबर्ट हचिन्स यांनी १९३९ साली मोठ्या स्पर्धांतून फुटबॉल काढूनच टाकलं. त्या माणसाच्या धैर्यापुढे मी आता हात जोडतो. प्राध्यापक लिहितात ते पार्किंगबद्दल. क्लार्क कर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेचे कुलपती, म्हणजे तिथले प्रमुख, असताना गमतीनं म्हणाले होते की विद्यापीठ चालवणाऱ्यापुढे प्रश्न तीनच: विद्यार्थ्यांसाठी सेक्स, माजी विद्यार्थ्यांसाठी खेळ आणि प्राध्यापकांसाठी पार्किंग. मी ती गंमत समजत होतो, ती विषयसूची निघाली. पहिल्या प्रश्नाचे कागद अर्थात बघायला मिळत नाहीत. विद्यार्थ्यांच्या नोंदींना १९७४ च्या कायद्याचं कुलूप आहे. पार्किंगला कुलूप नाही.

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ कुणा दुसऱ्याच साहेबांच्या खोक्यात डोकं घालून अधूनमधून 'अहा!' म्हणत. वाचनकक्षात याहून क्रूर आवाज नाही.

हळूहळू माझं लक्ष पत्रांच्या तळाशी जाऊ लागलं. डाव्या कोपऱ्यात आधी साहेबांची मोठी आद्याक्षरं, मग तिरपी रेघ, मग टाइप करणाऱ्या सेक्रेटरीबाईंची छोटी आद्याक्षरं. साहेब गावाला गेले, आजारी पडले, भडकले, तरी ती दोन छोटी अक्षरं खोक्यामागून खोक्यांत हजर. पत्राला उत्तर द्यायचं की 'विचाराधीन' म्हणून झुलवायचं, हे मार्जिनमधल्या अक्षरावरून बऱ्याचदा बाईच ठरवत असाव्यात असा मला दाट संशय आहे. फूट साहेबांच्या नावावर, फायली बाईंच्या.

विभाग बंद का झाला, तेही शेवटी बाईंच्याच कृपेनं कळलं. विभागप्रमुखांचं तीन पानी पत्र. पहिल्या परिच्छेदात आपल्या राखीव जागेवर दुसराच कुणी गाडी लावतो ही तक्रार, आणि पुढच्या अडीच पानांत पैसे, भांडणं, राजीनामे, सगळं सगळं! बाईंनी पहिला परिच्छेद वाचला असणार आणि पत्र 'पार्किंग'मध्ये टाकलं असणार. त्या दिवशी वाचनकक्षात 'अहा!' मी केलं. शेजारच्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

मी उत्साहानं बाईंकडे गेलो, म्हणजे दारातल्या बाईंकडे. म्हटलं, "हे पत्र चुकीच्या फोल्डरमध्ये आहे. विभागाच्या फोल्डरमध्ये ठेवायला हवं."

"नाही हलवता येत," त्या शांतपणे म्हणाल्या. "कचेरीत ज्या क्रमानं होतं त्याच क्रमानं ठेवायचं, हा आमचा नियम."

"अहो, पण मग पुढच्या माणसानं ते शोधायचं कसं?"

"तुम्ही शोधलंत तसंच."

पत्राच्या शेवटी 'सोबत जोडलेली यादी पाहावी' असं होतं आणि यादी जोडलेली नव्हती. मी पेन्सिलीला टोक केलं आणि मागणीची चिठ्ठी भरली: पार्किंग, भाग २.