‘आयमॅप आहे ना, मग सगळीकडे सारखंच चालणार’: नाही चालत

एक दावा सध्या जोरात फिरतो आहे: आयमॅप (सर्व्हरवरचे मेल वाचण्याची पद्धत) हे ठरलेलं प्रमाण, म्हणजे स्टँडर्ड, आहे, त्यामुळे चांगला ईमेल क्लायंट (थंडरबर्ड, आउटलुकसारखं मेल वाचण्याचं अ‍ॅप) कुठल्याही सर्व्हरशी सारखाच चालतो, अडला तर क्लायंट टाकाऊ. यामुळे लोक उगाच क्लायंट बदलत बसतात, म्हणून हे लिहितो आहे.

‘प्रमाण एकच.’ हो, पण २००३च्या त्या प्रमाणात सक्तीचा भाग अगदी मोजका आहे. नवा मेल येताच कळवणारं ‘आयडल’, मेल थेट हलवणारं ‘मूव्ह’, सेंट आणि ट्रॅश कुठले ते सांगणारं ‘स्पेशल-यूज’ हे सगळं ऐच्छिक. आपल्याला काय काय येतं याची यादी सर्व्हर स्वतःच क्लायंटला देतो. तीत आयडल नसेल, तर थंडरबर्ड असो की आउटलुक, दर काही मिनिटांनी जाऊन विचारण्यावाचून इलाज नाही. मेल उशिरा दिसतो तो म्हणून.

माझ्याच एका अकाउंटवर हे भोगलंय. त्या सर्व्हरवर स्पेशल-यूज नव्हतं. लॅपटॉपवरचा क्लायंट पाठवलेले मेल ‘सेंट’मध्ये ठेवायचा, ऑफिसातला दुसरा क्लायंट ‘सेंट आयटम्स’मध्ये. एक महत्त्वाचं उत्तर शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली. ते होतं, फक्त शेजारच्या फोल्डरमध्ये. दोन्हीकडे हाताने एकच फोल्डर नेमला आणि प्रश्न मिटला. क्लायंट तेच आहेत.

‘फोल्डर म्हणजे फोल्डर.’ जीमेलमध्ये असतात ती लेबलं. दोन लेबलं लावलेला मेल आयमॅपवर दोन फोल्डरांत दिसतो आणि ‘ऑल मेल’मध्ये तिसऱ्यांदा. या जादा प्रतींनी डिस्क भरत असेल, तर जीमेलच्या सेटिंगमध्ये ‘ऑल मेल’समोरची ‘शो इन आयमॅप’ची खूण आधी काढा.

‘पासवर्ड बरोबर असून नाकारला, म्हणजे बग.’ मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइन या आपल्या कार्यालयीन मेलसेवेवर नुसत्या पासवर्डचा आयमॅप प्रवेश १ ऑक्टोबर २०२२पासून टप्प्याटप्प्याने बंद केला. तिथे ओऑथ लागतं, म्हणजे क्लायंटला पासवर्ड न देता मायक्रोसॉफ्टच्याच पानावर लॉगिन करून परवानगी द्यायची. क्लायंटला ते येतच नसेल, तर दोष त्याचा, हे मी मान्य करतो.

‘मधूनच तुटतं, म्हणजे क्लायंट कच्चा.’ जीमेल एका अकाउंटला एका वेळी १५ जोडण्या देतं. थंडरबर्ड एकटा ५पर्यंत घेतो. तीन कॉम्प्युटर झाले की कोटा संपला, मग फोनला जागा कुठून मिळणार? थंडरबर्डमधल्या सर्व्हर सेटिंग्जच्या ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये जोडण्यांचा आकडा २ करा आणि मगच क्लायंटला नावं ठेवा.