पोचा

गेल्या रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, ठाण्यात नौपाड्यातल्या एका शाळेच्या वर्गात, माझ्या तांब्याचा पोचा सरांनी खोडून टाकला, आणि आज गुरुवार उजाडला तरी मी त्यावरून घरात कुरकुरतो आहे. तांब्या माझा होता, पोचा माझा होता, कागदही माझाच होता. खोडरबर तेवढा सरांचा होता.

नवशिक्यांच्या या चित्रकला वर्गाला मी का जातो, याची कारणे माझ्या पत्नीने नातेवाइकांत पुरेशी पोहोचवली असल्यामुळे येथे देत नाही. सहा रविवार, आठ ते दहा, आणि शिकायचे एकच: समोर ठेवलेली वस्तू पाहून काढणे. सर सव्वीस वर्षांचे आहेत आणि मी सत्तावन्न वर्षांचा. मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका म्हणतात, आणि या व्यवहारात मान नेमका कोणाला मिळतो हे मला अद्याप उलगडलेले नाही. 'काका, जे दिसतंय ते काढा, जे माहीत आहे ते नको,' हे वाक्य ते दर पाच मिनिटांनी कोणाच्या ना कोणाच्या पाठीमागे उभे राहून म्हणतात, आणि बहुधा ती पाठ माझी असते.

वाक्य खरे आहे, हीच त्यातली अडचण. तांब्याचे तोंड गोल असते हे कळायला कोणाला वर्ग लावावा लागत नाही. पण स्टुलावर ठेवलेल्या तांब्याचे तोंड खुर्चीत बसलेल्या माणसाला गोल दिसत नाही, लंबवर्तुळ दिसते. डोळे वर नेले की ते उघडत जाते, खाली आणले की मिटत जाते, आणि नेत्रपातळी बरोबर काठाशी आली की त्याची नुसती आडवी रेघ उरते. बूड तोंडापेक्षा खाली, म्हणून बुडाची कड तोंडापेक्षा अधिक वाकलेली दिसायला हवी. पण स्टूल सपाट असते या ज्ञानाच्या बळावर नवशिका ती फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ काढतो आणि भांडे चाकूने कापल्यासारखे दिसू लागते. शिवाय लंबवर्तुळाला टोके नसतात. पहिल्या रविवारी वर्गातली प्लास्टिकची बादली काढताना आम्हा अकरा जणांपैकी नऊ जणांच्या बादल्यांना दोन्हीकडे शिंगाड्यासारखी टोके आली होती.

यात आमचाच काही विशेष मंदपणा होता असे नाही. रॉबर्ट थाउलेस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३१ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले होते की, कलती ठेवलेली गोल तबकडी डोळ्यावर जितकी चपटी उमटते तितकी चपटी माणसाला वाटत नाही. मन तिला मूळच्या गोलाकडे ओढत राहते. ही माहिती मला आठवीत असताना मिळाली असती तर बरे झाले असते. एलिमेंटरी परीक्षेच्या वस्तुचित्राच्या पेपरात मी बादलीचे तोंड इतके निष्ठेने गोल काढले होते की ती बादली विहिरीत वरून डोकावून पाहिल्यासारखी दिसत होती, आणि कला संचालनालयाने मला 'क' श्रेणी देऊन माझी निष्ठा मान्य केली. इंग्रजांनी मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू केली ती १८५७ मध्ये. त्याच वर्षी उत्तरेत त्यांच्या राज्याचे पाय लटपटले, आणि तरी मुंबईत माणसे पेन्सिलींना टोके करून प्लास्टरच्या पुतळ्यांवरून हुबेहूब चित्रे काढायला शिकू लागली. साम्राज्य गेले, बादली मात्र माझ्या वाट्याला आली.

असो. या रविवारी वस्तू घरून आणायची पाळी माझी होती. चकाकणारे काही आणू नका, असे सरांनी बजावले होते. कारण चकचकीत भांड्यावर खिडकी, ट्यूबलाइट आणि चित्र काढणारा असे तिघेही दिसू लागतात आणि छायाप्रकाश समजत नाही. पण घराबाहेर जाणारे भांडे घासल्याशिवाय जाऊ द्यायचे नाही, हा आमच्या घरातला नियम सरांच्या नियमाहून जुना असल्यामुळे पत्नीने पितळी तांब्या पितांबरी लावून असा लखलखीत करून दिला की त्यात मला माझे टक्कल दोनदा दिसत होते. त्या तांब्याच्या गळ्याखाली आईचे नाव आणि १९७४ हे साल कोरलेले आहे. पोटावरचा पोचा मात्र २६ जुलै २००५ चा. त्या दिवशी घरात पाणी शिरू लागले तेव्हा भांडी माळ्यावर चढवताना तो माझ्याच हातून निसटला, आणि तेव्हापासून त्या पोच्याचा उल्लेख घरात माझ्या नावानेच होतो. तो कोठे आहे, केवढा आहे आणि उजेडात कसा दिसतो, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

वर्गाच्या मधोमध स्टुलावर तांब्या ठेवून आम्ही भोवती गोल करून बसलो. माझ्या जागेवरून आईचे नाव समोर येत होते आणि पोचा बरोबर उजव्या कडेला, म्हणजे तांब्याची बाह्यरेषा तेथे किंचित आत बसलेली दिसत होती. तपशील शेवटी, आधी घडण, असा सरांचा आदेश असल्यामुळे नाव मी काढले नाही. पोचा काढला, कारण तो घडणीचा भाग होता. चाळीस मिनिटांच्या खाडाखोडीनंतर ती एवढीशी आत गेलेली रेघ अशी साधली की मी स्वतःच दोनदा मान मागे घेऊन तिच्याकडे पाहिले.

आता आजोबांकडे वळतो.

आमच्या वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी आहे आणि तिला आणणारे तिचे आजोबा आहेत. पहिल्याच रविवारी तिने, 'आजोबा, तुम्ही माझ्यामागे बसायचं नाही,' असे सर्वांदेखत सांगून टाकले. ती वर्तुळाच्या पलीकडच्या टोकाला, माझ्या बरोबर समोर, खिडकीला पाठ करून बसते; त्यामुळे तिच्यापासून सर्वांत लांबची जागा, म्हणजे माझ्या खांद्यामागची, आजोबांना मिळाली. ते वागळे इस्टेटमधल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात चौतीस वर्षे क्वालिटी इन्स्पेक्टर होते. कारखाना गेला, त्या जागी काचेची इमारत आली, आणि आजोबांच्या हातात किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवलेली एक मीटरची टेप तेवढी राहिली. तपासायला काहीच उरले नाही म्हणून, माझा असा समज आहे, ते मला तपासतात.

"हे काय काढताय?" त्यांनी विचारले.

"तांब्या."

"कोणता?"

वर्गात एकच तांब्या होता. मी पेन्सिलीने त्याच्याकडे बोट दाखवले. आजोबांनी चष्मा वर करून तांब्याकडे पाहिले, चष्मा खाली करून कागदाकडे पाहिले, आणि ही क्रिया कारखान्यात प्रत्येक नगासाठी करत असतील तितक्याच शांतपणे तीनदा केली.

"तोंड गोल आहे त्याचं."

"आहे ना. पण इथून असं दिसतं."

"दिसण्याचं सोडा हो. आहे कसं ते बोला."

"काका, इथे दिसतं तसंच काढायचं असतं."

"ओव्हॅलिटी म्हणतात याला," ते कागदावरच्या लंबवर्तुळावर नख ठेवून म्हणाले. "आमच्याकडे असा एक पीस आला तर अख्खा लॉट परत जायचा. टॉलरन्स किती धरलाय तुम्ही?"

मी टॉलरन्स, म्हणजे मापात चालवून घ्यायचा फरक, धरलेला नव्हता. तो त्या क्षणी झपाट्याने संपत होता. उत्तर टाळण्यासाठी मी सरांनी शिकवल्याप्रमाणे हात सरळ केला, कोपर ताठ ठेवले, एक डोळा मिटला आणि पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्याच्या नखापर्यंत तांब्याची रुंदी धरून ती उंचीशी ताडून पाहू लागलो. ही जगभरच्या चित्रकारांची रीत आहे आणि तिला फक्त प्रमाण लागते, माप लागत नाही. पण हे वाक्य मला नेहमीप्रमाणे घरी परतल्यावर सुचले.

"हे कसलं माप?" आजोबा म्हणाले. "लीस्ट काउंट काय याचा? बारीकात बारीक किती मोजतं हे?"

"अंदाज असतो तो."

"अंदाज!" आजोबा माझ्यावर रागावले नाहीत. एखाद्या चांगल्या घरच्या मुलाला वाईट संगतीत पाहावे तसा त्यांचा चेहरा झाला. मग माझा अंगठा हवेत असतानाच ते उठले, तडक वर्तुळाच्या मध्यभागी गेले, जुडग्यातली टेप ओढली आणि तांब्याच्या तोंडाचे माप एकदा उभे आणि एकदा आडवे घेतले. "साडेदहा! इकडूनही साडेदहा!" त्यांनी जाहीर केले. "गोल आहे!" सर त्या वेळी व्हरांड्यात कोणाशी तरी फोनवर बोलत होते. कानात इयरफोन घातलेली एक तरुणी सोडली तर सगळ्या वर्गाने ही घोषणा ऐकली आणि कोणीही काही बोलले नाही, कारण विधानात चूक अशी काही नव्हती. त्यानंतर त्यांनी तांब्या उचलला, बूड पाहिले, आईचे नाव मोठ्याने वाचले, "चौऱ्याहत्तरचं पितळ, वजन बघा!" असे म्हणून तो हातात तोलला, आणि परत स्टुलावर ठेवला.

परत ठेवला, पण फिरवून ठेवला.

गोल वस्तूची हीच लबाडी आहे. ती जागच्या जागी फिरली तरी तिचा आकार बदलत नाही, आणि उजेड त्याच खिडकीतून येत असल्यामुळे छायाप्रकाशही जसाच्या तसा राहतो. बाकीच्या दहा जणांच्या चित्रांत एका केसाचाही फरक पडला नाही. फरक पडला तो एकट्या माझ्या पोच्यात. तो पाव फेरा मागे सरकला आणि माझ्या दृष्टीने तांब्याच्या पाठीमागे नाहीसा झाला. मी त्या वेळी खाली पडलेला खोडरबर बाकाखाली शोधत होतो. वर आलो तो सर माझ्या मागे उभे होते.

"हे काय आहे, काका?"

"पोचा."

सरांनी तांब्याकडे पाहिले. मीही पाहिले. उजवी कड चंद्राच्या कोरीसारखी निर्दोष होती.

"बघा, हेच मी सांगत असतो," सर सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा मायेने म्हणाले. "तांब्या काकांच्या घरचा आहे, त्याला पोचा आहे हे काकांना माहीत आहे, म्हणून काकांनी तो काढला. दिसत नसताना."

मी म्हणालो की मघाशी तो दिसत होता, तांब्या फिरला आहे. सरांनी विचारले, कशावरून. मी म्हणालो, कोरलेले नाव आधी माझ्या समोर होते, आता उजव्या कडेला जाऊन अर्धेच दिसते आहे. सरांनी माझ्या कागदावर वाकून विचारले, "तुमच्या चित्रात नाव कुठं आहे?" मी आजोबांकडे पाहिले. ते टेप गुंडाळत होते. "मी मघाशीच म्हटलं यांना," ते म्हणाले, "ड्रॉइंग चुकलंय म्हणून."

मग सरांनी खिशातून तो कणकेसारखा मळून मऊ होणारा खोडरबर काढला, जो आमच्या साहित्याच्या यादीत होता आणि जो घेण्याचे मी टाळले होते, माझी रेघ दोन वेळा टिपून उचलून घेतली आणि तिच्या जागी स्वतः एक रेघ ओढली. ती रेघ उत्तम होती. मला चाळीस मिनिटांत जमले नव्हते ते वळण तीन सेकंदांत आले, आणि माझ्या कागदावर आता तेवढीच एक रेघ बरी आहे, हा दुसरा अपमान.

तिसरा अपमान दहा मिनिटांनी झाला. पोचा पाव फेरा फिरून समोरच्या मुलीकडे गेला होता. तिने तो पाहिला आणि जसा दिसला तसा काढला. सरांनी तिचा कागद दोन्ही हातांनी उंच धरला. "याला म्हणतात निरीक्षण! हिला पोचा आहे हे माहीतसुद्धा नव्हतं!" वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या; चित्र खरोखर चांगले होते, आणि नऊ वर्षांच्या मुलीविरुद्ध तक्रार करण्याइतका मी अजून खालावलेलो नाही. तिने मात्र टाळ्या चालू असताना आधी आजोबांकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. तिला सगळे ठाऊक होते. ती बोलली नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की वस्तू मांडून झाली की स्टुलावर तिच्या बुडाभोवती खडूने रेघ मारावी आणि तिची समोरची बाजू कोणत्या दिशेला आहे याची एक खूण करावी. चित्रशाळांतून हे सर्रास करतात, आणि खडूला काही फार पैसे पडत नाहीत. आमच्याकडून सहा रविवारांची फी पहिल्याच दिवशी घेतात. जे दिसते ते काढा, असे सांगायचे आणि नऊ वाजता दिसलेले नऊ दहाला पुसायचे, यात शिकणाऱ्याने नेमका कोणावर विश्वास ठेवावा? शाळेत असताना मी माहीत होते ते काढले आणि 'क' श्रेणी मिळाली. आता दिसले ते काढले, तर माहीत होते म्हणून ते पुसले गेले. आणि आजोबांवर धड रागावताही येत नाही, कारण चौतीस वर्षे ज्यांच्या शब्दावर लॉट पुढे जात किंवा मागे फिरत, त्यांना आता नातसुद्धा मागे बसू देत नाही, हे आठवते आणि रागाची धार जाते. तरीही राग येतोच.

निघताना ते माझ्याजवळ आले. माझा काही गैरसमज झाला असेल असे त्यांना वाटले असावे. "वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "माप नसलं की असं होतं," आणि मी अडवण्याआधीच त्यांनी शर्टाच्या खिशातले बॉलपेन काढून माझ्या चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, व्यासाची खूण करून, सुरेख तिरप्या अक्षरात लिहिले: १०.५ सेंमी. खाली तारीख आणि सही. ते कोणत्याही खोडरबराने जात नाही. मी घरी येऊन तीन वापरून पाहिले.

पत्नीने तो कागद जेवणाच्या टेबलावर उलगडला. तांब्याविषयी ती काही बोलली नाही. तिची नजर सरळ कोपऱ्यात गेली.

"अहो, माप लिहून आणलंत हे बरं केलंत," ती म्हणाली. "याच्यावर बसेल असं झाकण मी किती दिवस शोधतेय."

तेवढ्या कोपऱ्याचा तिने फोनवर फोटो काढला, आणि संध्याकाळी आम्ही जांभळी नाक्याच्या भांडेबाजारात जाऊन फोटो दाखवून झाकण आणले. ते चपखल बसले, याचे मला अजूनही वाईट वाटते.