यान कुठे उतरायचं ते दगड ठरवतो

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लेकीची निबंधाची वही परत आली. विषय होता परग्रहवासीयांचा हल्ला. तिने यान पुण्याजवळच्या कातळाच्या पठारावर उतरवलं आणि तिथेच का, हे दोन पानं लिहिलं. खाली लाल शेरा: 'विषयांतर. यान राजधानीत उतरायला हवे होते.'

का हो? वरून येणाऱ्याला राजधानी काय ठाऊक? त्याला आधी जमीन दिसणार.

हे तिला आबांनी, माझ्या वडिलांनी शिकवलं. जन्मभर विहिरी खोदल्या त्यांनी. सकाळी तिला वेताळ टेकडीवर नेतात. उघड्या कातळावर काठी आपटली की ठण्ण, मुरमावर आपटली की भद्द. "ठण्ण वाजेल तिथे पाया घ्यायचा," एवढंच सांगतात. पोरीने त्यावरच निबंध उभा केला. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, अवजड यान तिच्यात रुतणार. गंगेकाठच्या गाळात तर खाली दगड लागायलाच शेकडो मीटर. राहिला आपला कातळ! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, म्हणून तर आपल्या डोंगरांचे माथे असे सपाट.

आणि माणसाने तरी काय केलं? १९६९ साली चंद्रावर उतरला तो गोठलेल्या लाव्हाच्या मैदानातच. तोही बेसॉल्टच, आपल्या टेकडीचा भाऊबंद. २३ ऑगस्ट २०२३ ला आपण सगळे टीव्हीला डोळे लावून बसलो होतो ना? विक्रम खाली येता येता खड्डे, धोंडे टाळून सपाट जागाच हेरत होता. तेव्हा नाही कुणाला विषयांतर वाटलं!

११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप याच कातळाच्या मुलखात झाला, मान्य. आणि एवढ्या लांबून येणारे कदाचित जमिनीला टेकणारही नाहीत, तेही मान्य. पण मग राजधानी तरी कशाला?

असो. बाईंना गठ्ठाभर वह्या तपासायच्या असतात, कळतं मला. पण पोरीने शेरा दिसू नये म्हणून पानाचा कोपरा दुमडून आणला होता, ते पाहून पोटात तुटलं.

आबांनी मघाशी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला. म्हणाले, "कातळ बरोबर निवडलास. पण पाण्याचं काय? कातळात पाणी फटीत असतं. फट चुकली की साठ फूट खोदून विहीर कोरडी. त्यांना तहान लागेल की नाही?"

आता दोघं जेवणाचं टेबल अडवून बसलीत. तिसरं पान चाललंय.